पाठीवर ठेवलेला मोबाइल

आज लेकीला घेऊन डेक्कनला हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. केसांना तेल लावताना आईलाच दिसलं होतं, हिचा उजवा खांदा वर आहे. आईचं निदान तयार होतं: दप्तर!

डॉक्टरांनी तिला पाय ताठ, हात जोडून पुढे वाकायला लावलं. मग चक्क स्वतःचा मोबाइल आडवा धरला, दोन्ही अंगठे खाली टेकवले आणि मानेपासून कमरेपर्यंत हळूहळू पाठीवरून सरकवत नेला. भिंतीवरची फ्रेम सरळ आहे का बघतो ना, तसंच. स्क्रीनवर पाठ किती अंश कललीय त्याचा आकडा हलत होता. २, ४... बरगड्यांपाशी ८. "गार लागतंय," म्हणून बाईसाहेब खिदळत होत्या. माझ्या मात्र पोटात गोळा.

मग एक्स-रे. कण्याच्या वळणात वर आणि खाली सगळ्यात जास्त कललेले मणके शोधून त्यांनी माउसने दोन रेघा मारल्या. त्यांच्यातला कोन १६ अंश. याला कॉब अँगल म्हणतात. १० किंवा त्याहून जास्त असला की स्कोलिओसिस, म्हणजे कणा बाजूला वळलेला. वाढत्या वयात पाठीला बांधायच्या पट्ट्याचा विचार साधारण २५ च्या पुढे. त्याच फोटोत कमरेच्या हाडावरून उंची किती वाढायची बाकी आहे याचाही अंदाज घेतला, कारण वाढीच्या झपाट्यातच बाक वाढतो. सध्या फक्त लक्ष ठेवायचं, सहा महिन्यांनी पुन्हा यायचं. आणि हो, दप्तराने कणा असा वळत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

रिक्षातूनच आईला फोन केला. सगळं शांतपणे ऐकून म्हणाली, "बरं. तरी उद्यापासून वह्या कमी ने म्हणावं."