शालूचं घर : पहाटेची घसरण अखेर थांबली

मंडळी, शालूनं, म्हणजे आमच्या बॉल पायथननं (हा एक बिनविषारी अजगर), काल रात्री खाल्लं! आमच्याकडे आल्यापासूनचा पहिला उंदीर. फ्रोझन उंदीर वितळवून, कोमट करून चिमट्यानं पुढे धरला. तिनं जीभ लपलपवली, मान मागे घेतली आणि थेट झडप. बॉल पायथन थंडीत महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतात हे माहीत आहे. तरी दर वेळी तिनं नाकारलेला उंदीर उचलताना जीव खालीवर व्हायचा. वजन 1140 ग्रॅमवर टिकून होतं, एवढाच धीर होता.

तिनं खाल्लं ते घर आता रात्रभर गरम राहतं म्हणून, असं मला ठाम वाटतं. मागच्या वेळी पेटीतल्या तापमानाच्या ज्या पहाटेच्या घसरणीबद्दल लिहिलं होतं, तिचं मूळ सापडलं. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: 4 × 2 × 2 फुटांची प्लायची पेटी, पुढे सरकती काच, दिवसा डिमरवर हॅलोजन, रात्री 100 वॅटचा सिरॅमिक हीटर आणि त्यावर एसटीसी-1000 (तापमान पाहून हीटर चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट). उष्ण बाजू 32, थंड बाजू 26 धरायची. छत आणि पुढची काच सोडून बाकी सगळ्या बाजूंना आणि तळाला बाहेरून एक इंची थर्माकोल लावून झालाय. छताला ग्लासवूल आणि सिमेंट शीट आहे, कारण 80 अंशांच्या वर थर्माकोल भरवशाचा नाही.

एवढं करूनही रोज पहाटे चारनंतर तापमान उतरायला लागायचं आणि सातच्या सुमारास थंड बाजू 20 वर, उष्ण बाजू 26 वर यायची. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला आमचा वाडा दगडी आहे. जानेवारीत बाहेर 4-5 अंश असतात तेव्हा मागच्या खोलीत रात्री 12 अंश असतात. पण मध्यरात्रीही खोली 12-13 वरच असते आणि तेव्हा पेटी व्यवस्थित 32 धरून ठेवते. मग चारनंतरच काय बिनसतं?

पहिला संशय सेन्सरवर. एसटीसीच्या तारेशेजारी डीएस18बी20 हा दुसरा तापमान-सेन्सर बांधला. दोघांत अर्ध्या अंशाचाही फरक नाही. मग थर्मोस्टॅटचा रिले, म्हणजे त्याच्या आतला स्विच. नोंदी ठेवणाऱ्या ईएसपी32 या छोट्या संगणक-बोर्डाला रिलेची स्थितीही नोंदवायला लावली, तर साडेचार ते पावणेआठ रिले अखंड चालू! म्हणजे थर्मोस्टॅट बिचारा ‘दे, दे’ म्हणतोय आणि पेटी तरीही गार पडतेय. मग हीटरच. मल्टिमीटर लावला: 528 ओहम. 230 व्होल्टला बरोबर 100 वॅट. (इथे एक सांगते: हीटर घेतल्यावर आधी ओहम मोजा. यापूर्वी ऑनलाइन घेतलेल्या एका स्वस्त नगावर 100 वॅट छापलेलं होतं आणि मीटरवर 690 ओहम दिसले, म्हणजे जेमतेम 77 वॅट.) होल्डरही ठीक. महाराज बाड्याजवळच्या दुकानातून आणलेला चिनी मातीचा स्क्रू होल्डर आहे. बॅकेलाइटचा होल्डर या हीटरखाली करपून तडकतो, तो कोणी वापरू नका.

सगळेच निर्दोष निघाले की डोकं फिरतं. पहाटे उठून, शाल पांघरून पेटीसमोर बसले. प्लगमध्ये लावायचा तो छोटा ऊर्जामापक सोबत होता. त्याच्यावर वॅटचा आकडा पाहिला तर 71! बटण दाबून व्होल्टेज पाहिलं: 194. रात्री बाराला हाच आकडा 228 होता.

आणि सगळं उलगडलं. पहाटे सगळ्या गल्लीत गिझर लागतात, कुठे रूम हीटर, कुठे पाण्यात टाकायचे रॉड. व्होल्टेज बसतं. आता हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. 194 भागिले 230 म्हणजे 0.84, त्याचा वर्ग 0.71. व्होल्टेज सोळा टक्क्यांनी पडलं की उष्णता एकोणतीस टक्क्यांनी पडते. सगळ्यांना थंडी वाजते त्याच वेळी शालूचा हीटर 71 वॅटचा होतो.

पहिला विचार स्टॅबिलायझरचा आला. फ्रिजवाला छोटा चालला असता. पण पेटीशेजारी रात्रभर टकटक करणारं यंत्र मला नको होतं, आणि वीज गेली तर त्याचा उपयोग शून्य. दुसरा विचार 150 वॅटच्या हीटरचा. 194 व्होल्टवर तो 107 वॅट देईल, म्हणजे पहाट निभावेल. पण मध्यरात्री पूर्ण व्होल्टेजवर ऑन-ऑफ थर्मोस्टॅटसोबत तो 32 ओलांडून वर उसळी मारणार, आणि भोवतीची जाळीही जास्त तापणार. शालू त्या जाळीवर चढते. आधीच्या घरी उघड्या बल्बनं भाजल्याचे डाग तिच्या पोटावर अजून दिसतात. तो धोका घ्यायला मन तयार झालं नाही.

तरीही ऑर्डर द्यायच्या बेतात होते. तेवढ्यात आई चहा घेऊन आली, काचेवर बोट फिरवलं आणि म्हणाली, “अगं, ही काच आतून किती घामेजलीय! हिच्यावर रजई टाक की.”

तेव्हा कागद-पेन घेऊन बसले. पेटीत सरासरी 28, खोलीत 12, फरक 16 अंशांचा. थर्माकोल आणि ग्लासवूल लावलेल्या पाचही बाजू मिळून साधारण 45 वॅट उष्णता बाहेर सोडतात. आणि 0.72 चौरस मीटरची ती एकटी काच? तीही 45! पाच बाजू एकीकडे आणि काच एकीकडे. एकूण गरज 90, मिळतात 71. घसरणार नाही तर काय होणार?

आईची जुनी कापसाची रजई दुमडून काचेच्या मापाची केली, वर चौकटीला वेल्क्रो लावला. हिशेबानं काचेतून जाणारी उष्णता 15 वॅटवर यायला हवी, म्हणजे एकूण 60. पहिल्याच रात्री आलेख जवळजवळ सरळ. पहाटे सहाला 195 व्होल्ट, उष्ण बाजू 31.5, थंड बाजू 25. रिले पुन्हा चालू-बंद होऊ लागला, म्हणजे हीटरकडे शिल्लक ताकद आहे. तो आलेख मी घरातल्या प्रत्येकाला दाखवलाय.

याहून मोठा आनंद आर्द्रतेचा. रात्री ती 40 टक्क्यांवर का येते म्हणून मी किती पाणी फवारलं होतं! ते पाणी थंड काचेवर जमून खालच्या खाचेत उतरत होतं. रजईमुळे काच आतून गार राहत नाही, थेंब धरत नाहीत आणि आर्द्रतेचा सेन्सर एसएचटी31 आता रात्रभर 62 ते 66 टक्के दाखवतो. मागची कात तुकड्यातुकड्यांनी निघाली होती. पुढची अखंड निघावी अशी फार इच्छा आहे.

रजई लावणाऱ्यांनी हवेच्या जाळ्या मात्र झाकू नयेत. माझ्याकडे उष्ण बाजूला खाली आणि थंड बाजूला वर अशा दोन आहेत, दोन्ही मोकळ्या. थर्माकोलही कायमचा चिकटवू नका. इथे मे महिन्यात पारा 45 गाठतो, तेव्हा तो काढता आला पाहिजे.

आता उरला वीज जाण्याचा प्रश्न. खाल्लेला साप गार पडला तर उलटी करतो, त्यामुळे हे आठ-दहा दिवस मला विशेष चिंता आहे. इन्व्हर्टरवर पेटी घेतली आहे, पण तो जुना आहे. म्हणून उष्ण बाजूला ग्वाल्हेरी दगडाची फरशी ठेवायचं ठरवलं होतं, दिवसभर तापेल आणि रात्री ऊब देईल. 60 × 40 सेंटिमीटरची, 4 सेंटिमीटर जाडीची फरशी म्हणजे 22 किलो. ती 8 अंशांनी निवताना साधारण 44 वॅट-तास देते, म्हणजे पाऊण तासाची सोय. लिहिता लिहिता पाण्याचा हिशेब करून पाहिला: तेवढीच उष्णता फक्त पाच लिटर पाणी देतं! मग 22 किलोचा दगड प्लायच्या तळावर कशाला लादायचा? फरशीचा बेत रद्द. एकेक लिटरच्या घट्ट झाकणाच्या दहा बाटल्या उष्ण बाजूच्या मागच्या भिंतीला, पुढे प्लायची फळी, म्हणजे शालू त्यांच्यामागे शिरणार नाही. दीड तास निघायला हवा.

बाटल्या आजच भरतेय. पण तिचं पोट उतरेपर्यंत पेटीत हात घालायचा नाही, त्यामुळे त्या आत जातील पुढच्या आठवड्यात. त्यानंतर एका रात्री मुद्दाम मेन बंद करून आलेख काढेन. कोणी पाण्याच्या बाटल्या आधी वापरल्या असतील तर एक सांगा: सेन्सर बाटलीला चिकटवावा की फळीच्या पुढे हवेत ठेवावा?