लटकलेला खांब

वाईकडच्या एका दुमजली वाड्याची ओसरी मोकळी करायची होती. तीन खण, चार सागवानी खांब, चौकाकडे तोंड. मागे कधीतरी भाडेकरूसाठी खोली हवी म्हणून खांबांच्या मधे चार इंची विटांची भिंत सिमेंटात बांधून ओसरी बंद केलेली. ती पाडायची, खांबांवरचा ऑइलपेंट उतरवायचा, की मूळ रूप परत. कागदावर दोन दिवसांचं काम. वाड्यात भार खांब घेतो, मधली भिंत नुसती भरणी, हे पाठ असल्यामुळे मीही निर्धास्त होतो.

सकाळी गवंडीमामांनी तुळईखालच्या पहिल्या थराला छिन्नी लावली. एरवी हा थर हाताने निघतो. मसाला सुकून आकसतो, लाकूडही थोडं आटतं, आणि दोघांत बोटभर नाही तरी नखभर फट राहतेच. इथे विटेचं तोंड खपलीसारखं उडालं, वीट हलली नाही. मामांनी छिन्नी खाली ठेवली. "साहेब, ही वीट दबलीय. वरून धरलंय तिला."

हॅक्सॉचं पातं तुळई आणि विटेच्या मधे घालून पाहिलं. डावा खण: मोकळं फिरलं. मधला खण: कुठेच शिरेना. मग तुळईच्या तळाशी टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणली. मधल्या दोन खांबांपाशी तुळई १८ मिलिमीटर खाली होती.

खाली बसून खांबांच्या बुंध्याची फरशी फोडली, तेव्हा खरं कारण दिसलं. मूळ जमीन शेणाने सारवलेली. तिच्यावर शहाबादी, शहाबादीवर सिरॅमिक टाइल, आणि प्रत्येक थराखाली दोन-दोन इंच मसाला. तळखडा, म्हणजे खांबाखालचा बैठकीचा दगड, मुळात जमिनीच्या वर चार इंच उभा असणार. आता तो पूर्ण गाडला गेला होता आणि लाकडाचा बुंधा सिमेंटात रुतला होता. जमिनीतली ओल पूर्वी मातीतून आणि चुन्यातून उडून जायची. वरून टाइल आणि बाजूने सिमेंट आल्यावर तिला बाहेर पडायला एकच वाट उरली, खांबाच्या लाकडाचे उभे तंतू. ऑइलपेंटने तीही बाहेरून बंद केली. पेचकस टोचला तर चार इंच आत गेला. वरचं कवच शाबूत, आत भुसा. तळखड्याच्या खाचेत बसणारं कुसू नावालाही नव्हतं. लोखंडी पट्टी खांब आणि दगड यांच्या मधून आरपार गेली.

म्हणजे खांब तुळईला पेलत नव्हता, तुळईला लटकला होता. वरच्या 'हाताला', म्हणजे खांबाच्या डोक्यावरच्या आडव्या लाकडी तुकड्याला, ठोकलेल्या खिळ्यांवर. आणि जी भिंत आम्ही पाडायला आलो होतो, ती गेली काही वर्षं वाडा धरून उभी होती.

एका खांबावरचा भार मोजला. खांबांतलं अंतर सहा फूट, कड्यांचा, म्हणजे तुळईवर टेकलेल्या आडव्या लाकडांचा, गाळा नऊ फूट; त्यातला अर्धा या तुळईवर, म्हणजे वरच्या मजल्याची २७ चौरस फूट जमीन. तिच्यावर चार इंच मातीचा भराव, साधारण ४५० किलो. लाकूड आणि छपराचा वाटा धरून आणखी चारशे. वरच्या मजल्याची नऊ इंची भिंत एकटीच १८०० किलो. एकूण पावणेतीन टनांच्या आसपास, माणसं आणि सामान सोडून.

वरचा मजला रिकामा करवला. प्रत्येक खांबाच्या दोन्ही अंगांना दहा टनी स्क्रू जॅक लावले. हायड्रॉलिक जॅक अशा कामात मी टाळतो. त्याचं सील गळालं तर भार कळायच्या आत खाली येतो. जॅकखाली तीन फुटी, आठ बाय चार इंची स्लीपर. नुसत्या फरशीवर जॅक ठेवला असता तर फरशी फुटून तो भरावात गेला असता. तुळईला चट्टे पडू नयेत म्हणून वर सागाची फळी. शेजारचे दोन चांगले खांबही आधी टेकूंनी आवळून घेतले.

मग पाव पाव फेरा. तीन मिलिमीटर उचललं की अर्धा तास थांबायचं, पाण्याच्या लेव्हल ट्यूबवर पाहायचं. सहा मिलिमीटरला वरून 'कट्ट' आवाज आला. वर जाऊन पाहिलं, तर खिडकीवर सिमेंटने केलेल्या ठिगळाला तिरकी चीर. त्याच भिंतीतला जुना मातीतला भाग, चुन्याच्या गिलाव्यासकट, काही न होता सरकला होता. एवढा पुरावा मालकांना दाखवायला पुरला. गिलावा चुन्यातच करायचा की नाही यावर पुढे चर्चा झाली नाही.

नऊवर थांबलो. पूर्ण १८ भरून काढायचा मोह होतो, पण तुळई त्या बाकात वर्षानुवर्षं मुरलेली असते. ती जबरदस्तीने सरळ केली तर वरच्या चौकटी अडकतात आणि कड्यांची टोकं भिंतीतून उपटतात.

खांब सात बाय सात इंची. कुजका भाग २२ इंचांवर संपला. ठोकल्यावर बद्द आवाज जाऊन टणक आवाज येईपर्यंत वर गेलो आणि तिथून आणखी दोन इंच. जोडतुकडा जुन्या बाजारातल्या सागाचा, कारण ओलं लाकूड नंतर आटतं आणि सांधा सैल पडतो. सांधा अर्धाअर्धी, म्हणजे दोन्ही तुकडे अर्ध्या जाडीचे कापून एकमेकांवर बसवलेला, १८ इंच लांब, दोन्ही टोकांना काटकोनी खांदे. सुतारांना तिरकी कलम दिसायला आवडते, पण उभ्या भाराखाली ती पाचरीसारखी सरकते. दोन सागवानी खुंट्या आणि १२ मिलिमीटरचे दोन स्टेनलेस बोल्ट, डोकी आत बुडवून वर लाकडाची चकती. तळखड्याच्या खाचेत पाणी साचू नये म्हणून चौकाकडे उताराची बारीक चर टाकली. टाइल आणि तिच्याखालचा मसाला पूर्ण उचलून शहाबादी खालच्या पातळीला पुन्हा बसवली; तळखडा तीन इंच उघडा झाला. चौथा इंच दरवाजाच्या उंबऱ्यामुळे मिळाला नाही.

जॅक उतरवतानाही पाव पाव फेराच. पूर्ण भार खांबांवर आल्यावर मामांनी पुन्हा हॅक्सॉचं पातं घेतलं. डाव्या खणातून सुरुवात केली आणि तुळईखालून उजव्या टोकापर्यंत न अडकता नेलं. तरी भिंत लगेच पाडली नाही. तुळई आणि विटेच्या सांध्यावर तीन ठिकाणी काचेच्या पट्ट्या प्लॅस्टर ऑफ पॅरिसने चिकटवल्या आणि पंधरा दिवस वाट पाहिली. एकही तडकली नाही. सोळाव्या दिवशी पहिला थर मामांनी हातानेच काढला.