टीना बारच्या नोटा आणि माझी एक बादली

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी सातच्या सुमारास, कोलंबिया नदीवरच्या आमच्या तरंगत्या धक्क्याखालून मी नायलॉनच्या जाळीची एक पिशवी वर ओढली. आदल्या नोव्हेंबरात मीच ती तिथे बांधली होती. आत सुती कागदाच्या तीन गड्ड्या होत्या. प्रत्येकीत अमेरिकी नोटेच्या मापाने कापलेले शंभर कोरे कागद आणि प्रत्येकीवर साधे रबर बँड. दोन गड्ड्यांचे बँड तुटून गेले होते आणि कागद पंख्यासारखे पसरले होते. तिसरीचा बँड जागेवर दिसत होता. त्याला बोट लावले आणि तो ओल्या शेवेसारखा तुटून बोटाला चिकटला. आमची बोट चालवणारे गृहस्थ, ज्यांना प्रयोगशाळेत सगळे कप्तान म्हणतात, माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते. ते इतकेच म्हणाले, "अपहरणातल्या नोटा ज्या मुलाला सापडल्या, त्याच्याही हातात असेच झाले होते."

मी पोर्टलंडमधल्या एका लहान खासगी प्रयोगशाळेत नदीच्या पाण्यातले डायाटम ओळखण्याचे आणि मोजण्याचे काम करते. डायाटम ही सिलिकेचे कवच असलेली एकपेशीय शैवले होत. कवच झाकणाच्या डबीसारखे दोन भागांचे असते, म्हणून मराठीत त्यांना करंडक वनस्पती असे नाव आहे आणि मला ते इंग्रजी नावापेक्षा अधिक नेमके वाटते. पेशी मरते, कुजते, पण करंडक वर्षानुवर्षे टिकतो. कोणत्या ऋतूत कोणती जात फोफावते हे ठरलेले असल्यामुळे एखादी वस्तू कोणत्या मोसमात पाण्यात होती हे पुष्कळदा करंडकांवरून सांगता येते. कप्तानांच्या आणि माझ्या गप्पा नोटांकडे वळल्या त्या यामुळेच.

ज्या प्रकरणाविषयी हे चालले होते ते अमेरिकेच्या या कोपऱ्यात आजही घरोघरी माहीत आहे. २४ नोव्हेंबर १९७१ रोजी, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, डॅन कूपर या नावाने तिकीट काढलेला एक माणूस पोर्टलंडहून सिॲटलला जाणाऱ्या नॉर्थवेस्ट ओरिएंट या विमान कंपनीच्या बोइंग ७२७ मध्ये बसला. आपल्या पेटीत बॉम्ब असल्याचे सांगून त्याने दोन लाख डॉलर आणि चार पॅराशूट मागितले. सिॲटलला ३६ प्रवासी सोडले गेले, पैसे चढवले गेले, विमान रीनोच्या दिशेने निघाले आणि रात्री आठ वाजून गेल्यावर वाटेत कुठेतरी शेपटाकडचा जिना उघडून तो पावसात, अंधारात उडी मारून गेला. (वार्ताहरांच्या घोटाळ्याने त्याचे नाव डी. बी. कूपर झाले आणि तेच चिकटले.) वीस डॉलरच्या दहा हजार नोटा, वजन साधारण साडेनऊ किलो, आणि सगळ्यांचे क्रमांक आधीच मायक्रोफिल्मवर घेतलेले. एफबीआयने २०१६ मध्ये या प्रकरणाचा सक्रिय तपास थांबवला, तोवर माणूस सापडला नव्हता आणि पॅराशूटही नाही.

सापडले ते थोडे पैसे. १० फेब्रुवारी १९८० रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकुव्हर शहराच्या खाली, प्रवाहाच्या दिशेने साधारण चौदा किलोमीटरवर, टीना बार नावाच्या वाळूच्या काठावर, कुटुंबासोबत आलेला आठ वर्षांचा मुलगा शेकोटीसाठी वाळू सारखी करत होता. त्याच्या हाताला तीन गड्ड्या लागल्या. दोन शंभर-शंभर नोटांच्या, तिसरी नव्वदची. ५,८०० डॉलर. कडा झिजून गोलसर झालेल्या, नोटा एकमेकींना चिकटलेल्या, रबर बँड अजून गड्डीवरच. क्रमांक जुळले. उरलेल्या ९,७१० नोटांपैकी एकही त्यानंतर कुठे सापडल्याची नोंद नाही.

त्या दिवशीचे आमचे ठरलेले काम याच पट्ट्यात होते. फ्रेंचमन्स बारपासून खाली येत येत सहा ठिकाणी पाण्याचे नमुने घ्यायचे होते आणि शेवटचे ठिकाण टीना बारच्या जवळजवळ समोर, सॉव्ही बेटाच्या बाजूला होते. मे महिन्यात डोंगरातला बर्फ वितळून कोलंबिया फुगते, पाणी गार आणि हिरवट-तपकिरी असते. बोट नांगरलेली असताना कप्तानांनी बाटलीच्या टोपणाने बोटीच्या फळीवर नदीचा नकाशा काढला आणि मला कोड्याचे मूळ दाखवले. नकाशावर ते मी आधीही पाहिले होते, पण प्रवाहाच्या मधोमध बसून पाहिल्यावर ते वेगळ्याच रीतीने पटते.

वैमानिकांना जिन्याच्या दिशेने धक्का जाणवला ती वेळ आणि विमानाचा मार्ग जुळवून तपास यंत्रणेने उडीची जागा लुईस नदीच्या आसपास, मर्विन तलाव आणि एरियल गावाच्या परिसरात धरली होती. पण लुईस कोलंबियाला मिळते ती टीना बारच्या खाली. तिथे पडलेला पैसा वाहून टीना बारला यायचा तर त्याला प्रवाहाविरुद्ध दहा मैल यावे लागेल. भरतीचा परिणाम कोलंबियात बॉनविल धरणापर्यंत जाणवतो हे खरे. आमच्या धक्क्याचे दोरही दिवसातून दोनदा सैल-घट्ट होतात. पण म्हणून गड्ड्या एवढ्या लांब वर चढल्या असे म्हणणे कप्तानांना हास्यास्पद वाटते, मलाही. या अडचणीतून वाट काढण्यासाठी काहींनी उडीची जागाच पूर्वेला सरकवली: वॉशूगल नदी टीना बारच्या बरीच वर कोलंबियाला मिळते, तेव्हा तो तिच्या खोऱ्यात पडला असेल तर पैसे आपोआप खाली येतात. दुसरे म्हणतात की विमानच पश्चिमेकडून गेले आणि पैसे थेट नदीत पडले. तिसरे म्हणतात, एखाद्या जहाजाच्या पंख्यात पिशवी अडकून वर ओढली गेली. आणि अर्थातच, ते कोणीतरी मुद्दाम पुरले असे मानणारेही आहेत, कारण माणूस जिवंत राहिला असा विश्वास ज्यांना हवा आहे त्यांना पुरणारा हात लागतोच.

गाळ उपशाचा वाद मला सर्वांत जवळचा, कारण त्यात थर आहेत. १९७४ मध्ये टीना बारजवळ नदीतला गाळ उपसून काठावर टाकला गेला होता. सापडलेल्या जागी चर खणून पोर्टलंड स्टेट विद्यापीठातले भूशास्त्रज्ञ लेनर्ड पामर यांनी मत दिले की उपशाच्या मातीचा थर नोटांच्या खाली आहे, म्हणजे नोटा १९७४ नंतर तिथे आल्या. नंतरच्या अभ्यासकांनी म्हटले की पामर यांनी ज्याला उपशाची माती मानले ते चिकणमातीचे नैसर्गिक थर होते. दोन्ही बाजू एकाच खड्ड्याविषयी बोलत आहेत आणि खड्डा केव्हाच बुजला. मी स्वतः गाळाचे नळकांडे उभे चिरून थर मोजले आहेत. कोरड्या काठावरचा थर आणि पुराने आणून टाकलेला थर डोळ्यांनी वेगळा करणे किती अवघड असते ते मला माहीत आहे, त्यामुळे या वादात कोणाला नावे ठेवावीशी वाटत नाहीत.

करंडकांकडे मात्र वेगळे उत्तर होते. टॉम के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली सायंटिफिक रिपोर्ट्स या शोधपत्रिकेत एक अभ्यास प्रसिद्ध केला. टीना बारच्या नोटेवर त्यांना ॲस्टेरिओनेला नावाची डायाटम आढळली, जी या पाण्यात वसंताच्या बहरात वाढते. नोव्हेंबरच्या पाण्याची खूण नव्हती. त्यांचा निष्कर्ष असा की नोटा अपहरणाच्या रात्रीच नदीत पडलेल्या नव्हत्या आणि कोरड्याच पुरलेल्याही नव्हत्या. काही महिन्यांनी, वसंताच्या सुमारास, त्या पाण्यात होत्या. कोणत्या वर्षीचा वसंत, हे करंडक सांगत नाहीत. १९७२ चा आणि १९७९ चा ॲस्टेरिओनेला अगदी सारखाच दिसतो. आणखी एक गोष्ट लोक विसरतात: या नोटांवर तपासाच्या काळात बोटांचे ठसे शोधण्यासाठी सिल्व्हर नायट्रेट वापरले गेले होते, म्हणून त्या काळवंडल्या. नोटांवरच्या प्रत्येक डागाला नदीचा साक्षीदार मानता येत नाही.

माझ्या पिशवीचा हेतू साधा होता. नोव्हेंबरपासून मेपर्यंत पाण्यात राहिलेल्या गड्डीवर काय चढते ते पाहावे. हे काम प्रयोगशाळेचे नव्हते. वरिष्ठांनी सूक्ष्मदर्शक शनिवारी वापरण्याची परवानगी दिली होती इतकेच. पण त्या दिवशी शुक्रवार होता, कामाचे नमुने अकरापर्यंत संपले होते आणि मला धीर धरवला नाही.

दुपारी पहिल्या गड्डीच्या बाहेरच्या कागदाचा तुकडा कापून घेतला. आम्ल वापरले की सेंद्रिय भाग जळून कवचे स्वच्छ होतात, पण त्यात ॲस्टेरिओनेलाचा तारा मोडतो. या जातीच्या साधारण आठ लांबट पेशी एका टोकाला जुळून चांदणी बनवतात आणि आम्लात ती चांदणी सुटून एकेक काडी उरते. म्हणून मी काही तुकडे कच्चेच पाहिले. हजार पटीने मोठे केलेल्या त्या दृश्यात कागदाच्या तंतूंमध्ये अडकलेली एक पूर्ण चांदणी दिसली, आठ पैकी सात पाकळ्या शाबूत. शेजारीच कोकोनीस या दुसऱ्या डायाटमची लंबगोल कवचे कागदाला चिकटून बसलेली, जी वस्तूच्या पृष्ठभागावर वाढणारी असतात. म्हणजे माझ्या गड्डीवर पाण्यात तरंगणारे आणि वस्तूवर चिकटणारे असे दोन्ही प्रकार होते. मला हेच महत्त्वाचे वाटले. कूपरच्या नोटेवर वसंत सापडला ही बातमी सगळ्यांनी लक्षात ठेवली. पण वसंत कोणत्याही भिजलेल्या वस्तूवर सापडेल. खरे कोडे आहे ते तिच्यावर हिवाळा का नाही हे. महिनोन्महिने पाण्यात असलेल्या गड्डीवर सगळ्या ऋतूंचा थर बसायला हवा. एकाच बहराची खूण सापडते तेव्हा गड्डी पाण्यात थोडाच काळ होती आणि मग वाळूने ती झाकली, असे म्हणावे लागते.

हे मी वहीत मोठ्या समाधानाने लिहिले आणि दुसऱ्या गड्डीच्या अगदी मधला कागद काढला. त्यावरही चांदण्या होत्या. तिसरीच्या मधल्या कागदावरही. सकाळपर्यंत रबर बँड टिकलेली, घट्ट गड्डी, आणि तिच्या पन्नासाव्या कागदावर मे महिना? तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. सकाळी धक्क्यावर तिन्ही गड्ड्या वाळू नयेत म्हणून मी त्या एकाच बादलीत ठेवल्या होत्या आणि बादलीत पाणी घातले होते ते नदीचेच, त्याच सकाळचे, बहराच्या ऐन भरातले. बोटीवर चार तास ती बादली हिंदकळत होती. माझ्या गड्ड्यांमध्ये आत गेलेला वसंत नदीने घातला होता की माझ्या बादलीने, हे आता कोणालाही सांगता येणार नव्हते. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही मी ही चूक करू दिली नसती. वहीतले ते पान मी फाडले नाही, त्यावर आडवी रेघ मारून शेजारी तारखेसह कारण लिहिले.

संध्याकाळी सांगलीला फोन लावला, तेव्हा तिथे सकाळ होती. बाबा एका बँकेत हेड कॅशियर म्हणून निवृत्त झाले आहेत. बादलीचा प्रकार ऐकून ते हसले, पण त्यांचे लक्ष नोटांकडेच गेले. २००५ च्या कृष्णेच्या पुरानंतर त्यांच्या शाखेत लोक भिजलेल्या गड्ड्या पिशव्यांतून घेऊन येत, आणि त्या कशा सुट्या करायच्या हे त्यांनी हाताने केले होते. ते म्हणाले, "गड्डी सैल असेल तर नोटा पाण्यात पसरतात आणि प्रत्येक नोट वेगवेगळी खराब होते. घट्ट असेल तर कडेने खाते आणि आतली नोट बघावी तर कोरीकरकरीत. तुझ्या त्या नोटांच्या कडा कशा होत्या?"

"चारी बाजूंनी गोल झिजलेल्या, बाबा. सगळ्यांच्या सारख्या."

"मग त्या कुजल्या तेव्हा घट्टच होत्या. भिजल्या असतील पसरून, पण कुजल्या दाबाखाली. वाळूचा दाब म्हण." थोडे थांबून ते म्हणाले, "आणि ती तिसरी गड्डी नव्वदची का? बँकेतून शंभराच्या गड्ड्या दिल्या असतील तर दहा गेल्या कुठून? वरून-खालून गेल्या तर पाण्याने नेल्या. मधून गेल्या तर माणसाने काढल्या. तुम्ही शास्त्रज्ञ लोक हे आधी बघत नाही."

मी म्हटले, कॅशियर मंडळींना तपासात घ्यायला हवे होते. ते म्हणाले, घेतलेच असणार, पण कॅशियरचे नाव कुठे छापून येते.

येत्या नोव्हेंबरसाठी मी सहा गड्ड्या कापून ठेवल्या आहेत. तीन हिवाळाभर पाण्यात राहतील, तीन फक्त मे महिन्यात दोन आठवडे. प्रत्येकीला स्वतंत्र, कोरडा, बंद डबा. बाबांच्या सांगण्यावरून दोन गड्ड्यांत नव्वदच कागद घातले आहेत. एकीच्या वरखालून पाच-पाच काढले आणि दुसरीच्या मधोमधून दहा.