आमची वाटचाल : कणीस आधी कच्चं खाऊन बघा

स्वीट कॉर्न म्हटलं की लोकांना कपातले वाफवलेले दाणेच आठवतात, वर बटर आणि मसाला. दापोलीहून कर्दे-मुरूडच्या किनाऱ्याकडे उतरताना आमच्या स्टॉलवर थांबणाऱ्यांची पहिली मागणीही तीच असते. आम्ही त्यांच्या हातात सोललेलं कच्चं कणीस देतो. मीठ नाही, लिंबू नाही. आधी हे खा, मग सांगा उकडायचं का. निम्मे लोक संशयाने बघतात. पहिला घास घेतल्यावर त्यातले बरेचजण उकडायचं विसरतात.

सुरुवात २०१७ साली झाली, आणि तीही जमीन रिकामी राहू नये म्हणून. आमची भाताची खाचरं पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेला आहेत. भात कापला की वाल, कुळीथ, थोडी चवळी, एवढंच घरापुरतं व्हायचं. विहिरीला मात्र मेपर्यंत पाणी. नवऱ्याने कृषी विद्यापीठात माती तपासून घेतली आणि भातानंतर मधुमका, म्हणजे हेच स्वीट कॉर्न, लावायचं ठरलं. पावसाळ्यात इथे मका लावण्यात अर्थ नाही. मुळाशी पाणी तुंबलं की तो पिवळा पडून बसतो, आणि आमची खाचरं तर पाणी तुंबवण्यासाठीच बांधलेली.

बियाण्याची पुडी उघडली तेव्हा मामंजींनी दाणे तळहातावर घेतले आणि म्हणाले, "अगं, हे किडकं बी कुणी गळ्यात मारलं तुमच्या?" दाणे खरंच सुरकुतलेले, चेपलेले होते, पण त्या वाणाचं बीच तसं असतं. साध्या मक्याचा दाणा पिठाने टरटरून भरतो. या अतिगोड वाणात साखरेचं पीठ होण्याची वाटच अडलेली असते, त्यामुळे दाणा वाळला की आत फारसं काही उरत नाही. हा गुण पन्नासच्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात जॉन लॉफनन यांनी हेरला आणि आजची बरीच गोड वाणं त्यावरच उभी आहेत. तोटा एवढाच की बियाण्यात शिदोरी कमी, म्हणून उगवणही नाजूक. वाफसा, म्हणजे माती पेरण्याजोगी ओलसर झालेली, बघूनच बी टोकायचं, खोल टोकायचं नाही आणि चार दाणे जास्त धरायचे.

कच्चं खायला द्यायचं म्हटल्यावर कणीस तोडायची वेळ हाच सगळा धंदा झाला. कणसाचे केस बाहेर आल्यापासून साधारण १८ ते २२ दिवसांत दाणा चिकात येतो, म्हणजे त्यात दूध भरतं. थंडीत थोडा उशीर, एप्रिलमध्ये घाई. केस टोकाला तपकिरी, सुकलेले हवेत, पण पाल्याच्या आत हिरवट ओलसर. शेंड्याकडचा पाला जरासा बाजूला करून दाण्यात नख रुतवायचं. पाण्यासारखा पातळ रस उडाला तर अजून दोन दिवस थांबा. दूध उडालं तर आत्ता तोडा. नख रुतवल्यावर पिठाळ लगदा आला तर ते कणीस कच्चं द्यायचं नाही, त्याची साल दातात अडकते. ते उकडायच्या टोपलीत जातं. ही पारख मी कागदावर लिहून कामाला येणाऱ्या बायकांना दिली होती. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि पाल्यावरूनच बोटं फिरवून कणीस ओळखायला लागल्या. आता मी त्यांना विचारते.

तोडणी उजाडायच्या आधी. उन्हात तापलेलं कणीस नंतर कितीही सावलीत ठेवा, त्याची रया गेलेलीच असते. जुन्या साध्या गोड वाणांचा हिशेब तर असा की ३० अंश तापमानात एका दिवसात ६० टक्क्यांपर्यंत साखरेचं पीठ होऊ शकतं, आणि शून्य अंशाला तेच सहा टक्क्यांवर राहतं. आमचं वाण यापेक्षा पुष्कळ दम धरतं, साखर पटकन मोडत नाही. तरी दाण्याचा करकरीतपणा आणि आतलं पाणी दुपारपर्यंत उतरतंच. म्हणून पाला न काढता, ओल्या गोणपाटाखाली, सावलीत ठेवायचं आणि गिऱ्हाईक समोर आल्यावर सोलायचं. सोललेल्या कणसांची रास मांडली की फोटो छान येतो, माल वाया जातो.

कोकणाचा एक फायदा आम्हाला आधी लक्षातच आला नव्हता. मका वाऱ्याने फळतो. कणसाचा एकेक केस एकेका दाण्याला जोडलेला असतो. त्यावर पराग पडला तर तो दाणा भरतो, नाही तर तिथे खळगा. (म्हणूनच आम्ही एक लांब ओळ न लावता चौकोनी तुकडे लावतो.) आणि पराग साध्या मक्याचा पडला तर त्याच कणसात तेवढे दाणे पिठाळ होतात. घाटावर चहूकडे मकाच मका, तिथे हे सांभाळणं जिकिरीचं. इथे आजूबाजूला आंबा, काजू, भात. शेजारच्या काकांनी म्हशींसाठी चाऱ्याचा मका करायला घेतला त्या वर्षी मात्र मी त्यांच्या पडवीत जाऊन बसले. "काका, तुमचा मका कधी टोकणार?" "का गो, तुझ्या मक्याला माझा मका चालत नाही?" "चालत नाही म्हणूनच आले." चहा झाला आणि त्यांनी तीन आठवडे पुढे ढकललं. पराग तुऱ्यातून उडतो, दोन्हींचे तुरे एका वेळी आले नाहीत म्हणजे झालं. तेव्हापासून दर वर्षी त्यांच्या घरी कणसं जातात, आणि ते ती उकडूनच खातात.

"कच्चं खाल्लं की पोट दुखतं", "हे गुरांचं खाणं", हे रोज ऐकू येतं. त्याचं सरळ उत्तर असं. दाण्याची साल कुणालाच पूर्ण पचत नाही, म्हणून एक-दोन कणसं ठीक, पैज लावून सहा नकोत. स्वच्छ धुऊन घ्या. गरोदर बायका, फार म्हातारी माणसं, आजारातून उठलेले यांना आम्ही स्वतःहून उकडलेलं देतो. बाजारात कधी तोडलेलं माहीत नाही असं कणीसही कच्चं खाऊ नये. आणि कच्चं म्हणजे जास्त पौष्टिक असली पाटी आम्ही लावत नाही. उकडल्यावर जीवनसत्त्व क घटतं हे खरं, पण कॉर्नेल विद्यापीठाच्या २००२च्या अभ्यासात उष्णता दिल्यावर मक्याची अँटिऑक्सिडंट क्षमता वाढलेली आढळली. कच्चं खायचं ते चवीसाठी.

२०१८ साली अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम कर्नाटकात दिसली आणि मग सगळीकडे पसरली. ती पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, बसून खाते, वर भुश्यासारखी विष्ठा दिसली की समजायचं. आम्ही कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) लावतो, रोज सकाळी पोंगे तपासतो, अळ्या हाताने वेचतो, अळी लहान असतानाच निंबोळी अर्क मारतो. तुरा दिसला की फवारणी बंद, मग थोडी कणसं शेंड्याकडे किडली तरी चालतील. तेवढा शेंडा मोडून टाकतो आणि गिऱ्हाइकाला का मोडला तेही सांगतो. अळीपेक्षा जास्त त्रास केलड्यांचा, म्हणजे माकडांचा, आणि रानडुकरांचा. डुक्कर एका रात्रीत तुकडा लोळवतं. केलडी निदान निवडून खातात, आणि चिकातलंच निवडतात, हे मान्य करावं लागेल. आता सौर कुंपण आहे. डुकरं थांबली. केलड्यांसाठी माणूसच लागतो.

२०२०च्या एप्रिलमध्ये शेत कणसांनी भरलेलं आणि टाळेबंदीमुळे रस्त्यावर एकही पर्यटक नाही. परवानगी काढून वाडीवाडीतून, दापोलीतल्या घरांतून कणसं पोचवली. आधी आमचं सगळं गिऱ्हाईक मुंबई-पुण्याचं होतं, तेव्हापासून गावातलं झालं. त्याच काळात कोशिंबिरीने जोर धरला. कच्चे दाणे सुरीने उतरवायचे, ओलं खोबरं, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू. वरून हिंग-मोहरीची फोडणी, पण ती गार झाल्यावर. सुरीची पाठ बुरकुंडावर, म्हणजे दाणे उतरवलेल्या कणसावर, दाबून ओढली की उरलेलं दूध निघतं, ते टाकू नका. त्यातच कोशिंबीर ओली होते, दही लागत नाही. ३ जूनला निसर्ग वादळ आलं. स्टॉलचे पत्रे माडांच्या पलीकडे सापडले, वीज कितीतरी दिवस नव्हती. हंगाम संपला होता म्हणून पीक वाचलं.

मुंबईला माल पाठवा, असं दर वर्षी कुणी ना कुणी म्हणतं. एका हॉटेलने आमची कणसं नेऊन, फ्रिजात दिवसेंदिवस ठेवून, "शेतातलं ताजं कच्चं" म्हणून आमच्या नावाने वाढली. ती खाल्लेली माणसं पुढे आमच्याकडे तोंड वाकडं करून आली. त्यानंतर कच्चं कणीस आम्ही स्टॉलवर आणि दापोली परिसरातच देतो. नवऱ्याला अजून वाटतं की थंड गाडी घेतली तर पुण्यापर्यंत जमेल. मला वाटतं, गाडीच्या हप्त्यापेक्षा आणखी एक तुकडा लावलेला बरा. हा वाद घरात चालू आहे.

डिसेंबरच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत आठ-दहा दिवसांच्या अंतराने टोकलेले तुकडे एकामागून एक तयार होतात. सकाळी या. दुपारी तीननंतर कच्चं मागितलंत तरी आम्ही उकडलेलंच देऊ, आणि त्याचे पैसे तेवढेच.