विमुक्तांच्या जातीच्या दाखल्यासाठी 1961 पूर्वीचा पुरावा कुठे शोधायचा

1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जातींवर जन्मापासून गुन्हेगारीचा शिक्का मारला. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा रद्द झाला आणि त्यातून सुटलेल्या जाती 'विमुक्त' म्हणवल्या गेल्या. आज महाराष्ट्रात विमुक्त जातींना 3 टक्के आरक्षण आहे, पण ते मिळवायला 21 नोव्हेंबर 1961 या मानीव दिनांकापूर्वीचा (पुराव्यासाठी सरकारने धरलेली तारीख) जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांना कुठल्याच गावाने टिकू दिलं नाही, त्यांच्याकडे गावाची नोंद मागायची! नियम बदलेल तेव्हा बदलेल. तोवर कागद शोधायलाच हवा.

पुण्यात जन्मलेल्या मुलांच्या घरी पहिली चूक इथेच होते: शोध पुण्यात सुरू होतो. 1961 पूर्वी आजोबा-पणजोबा जिथे होते, तो तालुका धरा. तिथल्या तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही, कोतवाल बुक, मागा. अर्जात गावाचं नाव, अंदाजे वर्षं आणि पूर्वजाचं नाव लिहा. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुतेकदा नसतंच. बापाचं नाव आणि जात असते, आडनावही गाळलेलं असतं. म्हणून आजोबांचं नाव शोधत बसू नका. पणजोबांच्या नावाने नोंदी चाळा आणि आजोबांच्या भावंडांच्या नोंदीही घ्या. मजकूर मोडीत असेल तर प्रमाणित नक्कल घेऊन जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या.

दुसरी जागा शाळेची. शाळा सोडल्याच्या दाखल्यापेक्षा दाखल-खारीज रजिस्टरचा (शाळेत आल्या-गेल्या मुलांच्या नोंदवहीचा) उतारा वजनदार ठरतो, कारण जात पडताळणी समितीचं दक्षता पथक मूळ रजिस्टरच तपासतं. सोलापूरसारख्या ठिकाणी सेटलमेंटमध्ये, म्हणजे या जमातींना डांबून ठेवलेल्या वसाहतींत, शाळा होत्या. त्यांची रजिस्टरं पुढे कोणाकडे गेली ते विचारा. नोंदीत नुसतं 'हिंदू' असेल किंवा शाई वेगळी दिसत असेल, तर त्या एकाच कागदावर विसंबू नका. खाडाखोडीमुळे खरं प्रकरणही अडकतं.

वंशावळ शपथपत्रावर लिहिण्याआधी सगळे उतारे समोर ठेवा. एका कागदावर 'रामा', दुसऱ्यावर 'रामचंद्र' असेल, तर ती व्यक्ती एकच असल्याचं शपथपत्रातच स्पष्ट करा. वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या कुणाचा जातीचा दाखला समितीने वैध ठरवला असेल, तर ते वैधता प्रमाणपत्र आधी जोडा. निम्मं काम तिथेच होतं. आईकडचे कागद इथे सहसा उपयोगाचे नाहीत.

कैकाडी कुटुंबांनी मूळ जिल्हा विशेष जपून लिहावा: विदर्भात (राजुरा तालुका सोडून) ही जात अनुसूचित जातींत, उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडते.

काहीच सापडलं नाही तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे गृहचौकशीची (घरी येऊन करायच्या चौकशीची) लेखी मागणी करा आणि पोच घ्या. पुढे पडताळणीचा अर्ज दाखला ज्या जिल्ह्याचा, तिथल्या समितीकडेच जातो. सोलापूरचा दाखला घेऊन पुण्यात विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनात रांग लावू नका. बारावीच्या निकालाची वाटही पाहू नका; अकरावीतच अर्ज करा, कारण प्रवेशाच्या हंगामात समितीपुढे ढीग साचतो.