चौदा माणसं, एक खोगीर आणि सुरत पॅसेंजर

नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेला गाडी करूनच जायचं, असं घरात सगळ्यांचं ठरलं होतं. चौदा माणसं म्हणजे दोन क्रूझर. पण मोठ्या मायनं एका वाक्यात निकाल लावला: "मी आगगाडीनं येईन, नाहीतर तुम्ही जा." वय ब्याऐंशी, गुडघे गेलेले, क्रूझरच्या मागच्या सीटवर पाय दुमडून बसणं तिला जमत नाही. त्यामुळे जाताना भुसावळहून दोंडाईच्यापर्यंत सुरतकडे जाणारी पॅसेंजर, पुढे रस्त्यानं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोंडाईच्याहून एक्स्प्रेसच्या स्लीपरनं परत, असा बेत झाला. दत्तजयंतीच्या सुमारास या बाजूला जाणारे बरेच असतात, म्हणून जागेचं काय काय झालं ते जरा सविस्तर लिहितो.

पुण्याच्या भाच्यानं आधी सुचवलं, अख्खा डबाच बुक करू. तशी सोय आहे, एफटीआर म्हणतात तिला. पण एका डब्याला पन्नास हजार रुपये अनामत, अर्ज निदान तीस दिवस आधी, आणि डबा जोडायला रेल्वेची मंजुरी. लग्नाचं वऱ्हाड असेल तर विचार करा. चौदा माणसांसाठी तो विषय चहा संपायच्या आत संपला.

पॅसेंजरला आरक्षण नाही, तेव्हा जागा मिळवायची ती पायांनी. भुसावळहून सुटणारी गाडी घेतली, हे आमचं एकमेव शहाणपण. तिचे डबे फलाटाला आधीच लागतात. आम्ही तासभर आधी गेलो तेव्हा मधले डबे अर्धे भरले होते, पण टोकाचे रिकामे होते. जिन्यावरून उतरलेला माणूस समोर दिसेल त्या डब्यात शिरतो. शंभर पावलं पुढे चाललात की खिडकी मिळते. तिकिटं आदल्या दिवशी मोबाइलवर काढायचा विचार असेल तर सोडा. दोनशे किलोमीटरच्या आतलं जनरल तिकीट त्याच दिवशीचं असतं आणि काढल्यापासून तीन तासांत प्रवास सुरू करावा लागतो. भाडं मात्र परत स्वस्त झालंय. कोविडनंतर पॅसेंजरचं किमान भाडं तीस रुपये झालं होतं, ते २०२४ मध्ये पुन्हा दहावर आलं.

आता डब्यातलं गणित. जुन्या निळ्या जनरल डब्यात नव्वद सीट असतात. समोरासमोरच्या दोन बाकांवर चार-चार आणि पलीकडच्या खिडक्यांना एक-एक, असे एका कप्प्यात दहा जण. म्हणजे चौदा माणसं एका कप्प्यात बसूच शकत नाहीत. आम्ही शेजारशेजारचे दोन कप्पे धरले. इथे माझी पहिली चूक झाली. काही जण अजून फलाटावर पाण्याच्या बाटल्या भरत होते, म्हणून मी दोन टॉवेल, एक पिशवी आणि आबांची टोपी ठेवून चार जागा अडवल्या. भुसावळला कोणी काही बोललं नाही, सगळे येऊन बसलेही. मग जळगावला आबा चहाला उतरले आणि टोपी परत जागेवर ठेवून गेले.

जळगावला गर्दी कशी आत येते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. कडेवर बाळ घेतलेली एक बाई आत आली, टोपीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अहिराणीत म्हणाली, "टोपी आठे शे, मंग डोकं कोठे शे?" म्हणजे टोपी इथे आहे, मग डोकं कुठे आहे? सगळा कप्पा हसला. तिनं टोपी उचलून माझ्या गुडघ्यावर ठेवली आणि बसली. बरोबरच केलं तिनं. जनरलमध्ये टोपीला तिकीट नसतं. आबा दोन्ही हातांत दोन कप घेऊन आले आणि पाळधीपर्यंत दारात उभे राहिले.

त्यांना जागा मिळाली ती अपडाऊनवाल्यांमुळे. या मार्गावर रोज पासवर जाणारे मास्तर, बँकेतले, कोर्टातले लोक असतात. त्यांचा ठरलेला डबा, ठरलेली खिडकी, कधी मांडीवर ब्रीफकेस आडवी टाकून पत्त्यांचा डाव. त्यांच्या जागेवर बसलात तर ते भांडत नाहीत, नुसते उभे राहून तुमच्याकडे बघतात, आणि ते जास्त वाईट. पण कोण कुठे उतरणार हे त्यांना तोंडपाठ असतं. एकानं आबांना खूण केली, "त्या पांढऱ्या शर्टाजवळ थांबा, धरणगावला उतरतील." तसंच झालं. तेव्हा आत शिरल्यावर "जरा सरका" म्हणण्याआधी "कुठपर्यंत?" विचारा. धरणगाव, अमळनेर, शिंदखेडा ही तीन नावं ऐकू आली की त्या माणसाच्या गुडघ्याशी उभं राहायचं. अमळनेरला तर डबा निम्मा मोकळा होतो, पण चढणारेही तितकेच, त्यामुळे उठणारा पुरता उठायच्या आत टेकावं लागतं.

बाकावर पाचवा बसवायचा असेल तर एक युक्ती मायनं शिकवली. सगळ्यांनी पाठ टेकून बसलं की खांद्याला खांदे लागतात आणि जागा संपते. एकानं पुढे सरकून बसायचं, दुसऱ्यानं मागे टेकायचं, असं एकाआड एक. तास-दीड तास सहज निघतो. वाटेत सामान मात्र ठेवू नका. आमच्या दोन बॅगा पहिल्यांदा वाटेत होत्या आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांना लाथ आणि आम्हाला शिवी देत होता. बॅगा बाकाखाली सरकवल्यावर तेच लोक बोलायला लागले. वरची फळी सामानासाठी सोडा, पोरांना तिथे चढवलं की उतरवताना खालच्याच्या डोक्यावर पाय येतो.

अमळनेर गेल्यावर काकूनं भरताचा डबा काढला. आसोद्याची वांगी, पहाटे कपाशीच्या काड्यांवर भाजून बडग्यानं ठेचलेली, वर कच्ची कांद्याची पात. झाकण उघडल्याबरोबर मिरची-लसणाचा वास अख्ख्या कप्प्यात गेला. टोपीवाल्या बाईच्या हातावर पुरी आणि भरीत ठेवलं, तिनं पदराच्या गाठीतले भाजलेले शेंगदाणे सोडले. थोड्या वेळानं तिनं स्वतःच बाळ मांडीवर घेऊन मायला पाय लांब करायला जागा दिली. "आठे बठ ना माय, पाय पसर." प्रवासभरात आम्हाला मिळालेली ही सगळ्यात मोठी जादा जागा, आणि ती भरतानं मिळाली.

बायका आणि वयस्कर माणसं जास्त असतील तर लेडीज डबा बघा. बहुतेक वेळा तो गार्डाच्या डब्याला लागून असतो, त्यामुळे गाडीच्या टोकाशी थांबा. बारा वर्षांच्या आतला मुलगा तिथे चालतो. आम्हाला हे सुचलं ते उतरताना. आणि त्याच बाजूला दिव्यांगांचा डबा असतो, तो रिकामा दिसला म्हणून शिरू नका.

शिंदखेडा सुटलं की उठा. दोंडाईच्याला गाडी फार थांबत नाही, आणि चौदा माणसं एका दारानं उतरत नाहीत. आम्ही सात-सात दोन दारांना वाटून घेतले. माय सगळ्यात शेवटी नाही, सगळ्यात आधी.

यात्रेबद्दल थोडंच सांगतो. एकमुखी दत्ताचं दर्शन घेतलं, तापीकाठी घोडे पाहिले. आबांनी एक खोगीर विकत घेतलं. आमच्याकडे घोडा नाही, कधी नव्हता. "स्वस्त मिळालं" एवढंच त्यांचं उत्तर. खोगीरभरती हा शब्द मला त्या दिवशी नीट कळला.

परतीचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी काढलं. एका तिकिटावर सहाच माणसं, म्हणून तीन तिकिटं: माय आणि काकू एकावर, बाकी सहा आणि सहा. दोघींचं वेगळं काढण्यामागे कारण आहे. ज्येष्ठांसाठीचा लोअर बर्थचा कोटा एका तिकिटावर एक-दोन जणच असतील तेव्हा लागतो, पुरुष साठ वर्षांपुढचे आणि बायका पंचेचाळीसच्या पुढच्या. मोठ्या तिकिटात मायला घुसवलं असतं तर तिच्या नशिबी अप्परही आला असता. दुसरं तिकीट काढताना पहिल्याचा डबा क्रमांक पसंतीच्या रकान्यात लिहिला, तो मिळाला. तिसऱ्याला घाईत विसरलो आणि ते सहा जण पाच डबे पलीकडे गेले.

आणखी एक चूक, ही माझीच. नऊ वर्षांच्या भाचीचं अर्धं तिकीट काढलं. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांना अर्ध्या भाड्यात बर्थ मिळत नाही, बर्थ हवा तर पूर्ण भाडं, हे जनरलच्या सवयीत डोक्यातून गेलं. बरं, खोगीर लोअरच्या खाली मावेना. उंच पडतं ते. शेवटी आबांच्या अप्पर बर्थवर चढवलं. म्हणजे भाचीला बर्थ नाही आणि खोगिराला आहे. माय खालून म्हणाली, "खोगीर आठे शे, मंग घोडं कोठे शे?" स्लीपरला चाळीस किलोपर्यंत सामान फुकट, तेव्हा वजनाचा प्रश्न आला नाही.

समोरच्या गृहस्थांना आठ वाजताच मधला बर्थ उघडून झोपायचं होतं. नियम रात्री दहा ते सकाळी सहाचा आहे. तिकीट तपासनीसांनी तो शांतपणे सांगितला आणि विषय मिटला. पलीकडच्या सहांपैकी दोघांना आमच्याकडे आणायला अदलाबदल केली. अप्पर देऊन लोअर घेणारा लगेच भेटतो, उलटा कोणी भेटत नाही, म्हणून मागायला जाताना हातात लोअरच घेऊन जा.

यात्रेच्या दिवसांत दोंडाईचा स्टेशनबाहेर सारंगखेड्याच्या गाड्या लागलेल्या असतात, भाडं बसायच्या आधी ठरवा. धुळ्याकडच्यांनी मात्र रेल्वेच्या भानगडीत पडू नये. तिथली मेमू चाळीसगावला, म्हणजे उलट्या दिशेला जाते. एसटीच बरी.