ह्या पाण्याचं गाव कुठलं? तेलविहिरीचं पाणी, मशीन लर्निंग आणि माझा प्रोजेक्ट

मी पलूस तालुक्यातली. एम.एस्सी. जिऑलॉजीच्या शेवटच्या सेमिस्टरला प्रोजेक्ट होता आणि त्यात मी जे काय शिकले ते लिहून काढायचं बरेच दिवस राहून गेलेलं. आता ज्युनियर पोरं फोन करून विचारतात, दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं सविस्तर लिहिते.

विषय असा होता की तेलविहिरीतनं तेलाबरोबर जे पाणी वर येतं ते जमिनीखालच्या नेमक्या कुठल्या थरातलं, हे त्या पाण्याच्या केमिस्ट्रीवरनं मशीन लर्निंग लावून ओळखायचं. घरी सांगितल्यावर अण्णा म्हणाले, "तेलाच्या विहिरीत पाणी कसं काय गं?" बरोबरच आहे, मलाही बी.एस्सी.पर्यंत वाटायचं की तेलविहिरीतनं नुसतं तेलच येतं. खरं म्हणजे जुन्या फील्डमधे तेलापेक्षा पाणीच जास्त येतं. आणि ते पाणी आपल्या बोअरच्या मचूळ पाण्यासारखं नसतं, समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, तर काही थरांमधल्या पाण्यात २०० ग्रॅमच्या वर सापडतात.

हे पाणी ओळखून काय करायचं? तर समजा एका विहिरीत अचानक पाणी वाढलं. ते तेलाच्याच थराच्या बुडातनं वर चढलं असंल, केसिंग पाईप (विहिरीच्या भोकात आतनं बसवलेला लोखंडी पाईप) गंजून वरच्या थरातलं आत शिरलं असंल, नाहीतर तेल ढकलायला शेजारच्या विहिरीतनं जे पाणी सोडतात तेच फिरून आलं असंल. तिन्हीला उपाय वेगळा. एकात उपसा कमी करायचा, दुसऱ्यात पाईपला सिमेंट मारायचं, तिसऱ्यात पाणी आत सोडण्याचं गणित बदलायचं. निदान चुकलं तर खर्च पाण्यात. आपल्या मुंबई हायचंच बघा, १९७४ ला तिथं तेल सापडलं, आणि तिथं दाब टिकवायला समुद्राचं पाणी आत सोडतात. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे २७०० मिलिग्रॅम सल्फेट असतं. थरातल्या मूळ पाण्यात बेरियम असंल तर दोन्ही भेटले की बेराइट, म्हणजे बेरियम सल्फेट, तयार होऊन पाईपला आतनं थर धरतो, बंबात क्षार धरतो तसाच दिसायला, पण बंबातला ॲसिडनं निघतो आणि बेराइट ॲसिडला दाद देत नाही. त्यामुळं कुठलं पाणी कुठं पोचलंय हे आधी कळणं फार महत्त्वाचं.

डेटा मी यूएसजीएसचा घेतला, म्हणजे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा, प्रोड्यूस्ड वॉटरचा, म्हणजे तेलाबरोबर वर येणाऱ्या ह्याच पाण्याचा. तो सगळ्यांना फुकट खुला आहे, त्यात एक लाखाच्या वर नमुने आहेत, कितीतरी जुन्या-नव्या ठिकाणांहून गोळा केलेले. मी त्यातला फक्त टेक्सास-न्यू मेक्सिकोचा पर्मियन बेसिन हा तेलाचा पट्टा घेतला, कारण एल्लेनबर्गर, वुल्फकॅम्प, सॅन अँड्रेस अशा थरांची नावं बऱ्याच नमुन्यांपुढं लिहिलेली होती आणि मॉडेलला शिकवायला उत्तर माहीत असलेले नमुने लागतात. लॅपटॉप साधाच होता, सगळं गुगल कोलॅबवर केलं, म्हणजे इंटरनेटवरनं गुगलच्या कॉम्प्युटरवर. ह्या कामाला भारी मशीन लागत नाही हे आधीच सांगते, रँडम फॉरेस्ट (खूप सारे निर्णयवृक्ष मिळून उत्तर देणारं मॉडेल) तर मिनिटाभरात ट्रेन होतं, म्हणजे शिकून तयार होतं. वेळ जातो तो डेटा साफ करण्यात, माझे निम्मे महिने तिथंच गेले.

साफसफाईत पहिली चाळणी पीएचची, म्हणजे पाणी किती आम्ल आहे त्याची. साडेचारच्या खाली असेल तर विहिरीला ॲसिड मारल्यानंतरचं पाणी असायची शक्यता मोठी, ते काढलं. पोटॅशियम अचाट जास्त असेल तर ड्रिलिंगच्या चिखलातलं पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं असू शकतं, तेही बाजूला. मग चार्ज बॅलन्स. हे ज्यांनी पाण्याची केमिस्ट्री केली नाही त्यांच्यासाठी सांगते, पाण्यातल्या धन आयनांचा आणि ऋण आयनांचा एकूण विद्युतभार सारखाच असायला पाहिजे. म्हणून प्रत्येक आकडा त्याच्या इक्विव्हॅलंट वजनानं भागायचा, सोडियमला २३ ने, कॅल्शियमला २०.०४ ने, मॅग्नेशियमला १२.१५ ने, क्लोराइडला ३५.४५ ने, सल्फेटला ४८ ने, बायकार्बोनेटला ६१ ने, आणि दोन्ही बाजूंची बेरीज जुळते का बघायची. फरक मोठा आला तर तपासणीत काहीतरी चुकलंय.

मी ते लावलं आणि खूष झाले, कारण कितीतरी नमुन्यांचा फरक शून्य. शून्य पूर्णांक शून्य शून्य. मी प्रोजेक्टच्या मॅडमना फोन करून सांगितलं की मॅडम डेटा एकदम चांगलाय. मॅडम दोन मिनिटं गप्प आणि मग म्हणाल्या, "अगं, हातानं केलेल्या तपासणीत बरोब्बर शून्य कधी येतं का? त्या नमुन्यांची सालं बघ बरं." बघितली तर बहुतेक जुने. मग त्यांनी समजावलं, पूर्वी सोडियम थेट मोजणं फार किचकट होतं, म्हणून बाकी सगळं मोजायचं आणि बेरीज जुळवायला जेवढं कमी पडतंय तेवढं सोडियम म्हणून लिहायचं. म्हणजे तिथं बॅलन्स जुळणारच, तो जुळवलेलाच आहे. क्लोराइड मोजताना चूक झाली असेल तर ती सोडियमच्या आकड्यात लपून बसणार आणि माझी चाळणी तिला पासही करणार. ज्याला मी सगळ्यात शुद्ध समजत होते त्याच्यावरच सगळ्यात कमी भरवसा ठेवायला पाहिजे होता. ते नमुने मी टाकून दिले नाहीत, पण त्यांना वेगळी खूण केली आणि पुढं प्रत्येक रन दोनदा केला, एकदा त्यांच्यासकट आणि एकदा त्यांच्याशिवाय.

आता मेन गोष्ट. पहिलं मॉडेल ट्रेन केलं, ८० टक्के डेटा शिकवायला, २० टक्के परीक्षेला, आणि अचूकता नव्वदच्या पार. रात्री अकरा वाजता आईला उठवून सांगितलं. पुढचे आठ दिवस मी त्याच आकड्यावर रिपोर्ट लिहीत होते.

लिहिताना उदाहरण म्हणून दहा नमुने दाखवायचे होते. गावात लाईट सारखी जात होती म्हणून पलूसला झेरॉक्सच्या दुकानातनं शेदीडशे ओळींची प्रिंट काढून आणली आणि सोप्यात जमिनीवर पसरली. पेनानं एकेक ओळ वाचत गेले. तेव्हा दिसलं, एकच विहीर, त्याच थरातली, चार ओळी, फक्त तारखा वेगळ्या. क्लोराइड उन्नीस-बीस, कॅल्शियम उन्नीस-बीस. खाली आणखी एक विहीर, तिच्या तीन. काही ठिकाणी नावाचं स्पेलिंग जरा वेगळं म्हणून कॉम्प्युटरला त्या दोन विहिरी वाटत होत्या, पण अक्षांश-रेखांश तेच. मी यादृच्छिक वाटणी केली होती, म्हणजे एकाच विहिरीचे दोन नमुने शिकवायला गेले आणि दोन परीक्षेला. पोरांना जो पेपर सोडवून दाखवला तोच परीक्षेत दिला तर पास होणारच की. आणि वर मी अक्षांश-रेखांश आणि खोलीही मॉडेलला दिलेली. ते पाणी ओळखतच नव्हतं, पत्ता ओळखत होतं.

त्या दिवशी जेवणावर मन नव्हतं. आईला कारण सांगितलं तर ती म्हणाली, "आत्ता कळलं ते बरं झालं, तिथं परीक्षेला उभी राहिल्यावर कळलं असतं तर?" ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी अक्षांश-रेखांश, खोली, काउंटी (तिकडचा जिल्हा) सगळं काढलं, जवळजवळच्या नमुन्यांना एकच ग्रुप नंबर दिला आणि सायकिट-लर्न ह्या मशीन लर्निंगच्या फुकट सॉफ्टवेअरमधलं ग्रुप के-फोल्ड वापरलं, ज्यात एका विहिरीचे सगळे नमुने एकतर शिकवण्यात नाहीतर परीक्षेत. अचूकता सत्तरीत आली. काही छोटे थर तर मॉडेलला जवळपास ओळखूच येईनात, मोठ्या थरांच्या नमुन्यांची गर्दीच एवढी की ते सगळं त्यांच्यातच ढकलत होतं. ह्या विषयावर काम करणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे, वाटणी विहिरीवर करा, नमुन्यावर नको. आणि एकूण अचूकतेवर जाऊ नका, प्रत्येक थराचा वेगळा आकडा काढा.

मग ती सत्तरी वर कशी न्यायची? इथं मला केमिस्ट्रीनं हात दिला. नुसते मिलिग्रॅमचे आकडे दिले की मॉडेल फक्त खारटपणा शिकतं, कारण पाणी जास्त खारं तर सोडियम, क्लोराइड, कॅल्शियम सगळंच जास्त. आमटीत दोन तांबे पाणी ओतलं तर मीठ कमी लागतं, तिखटही कमी लागतं, पण मिठाचं तिखटाशी प्रमाण तेच राहतं आणि आमटी कुणाच्या हातची ते त्या प्रमाणावरनं कळतं. म्हणून गुणोत्तरं काढली, सोडियम-क्लोराइड, कॅल्शियम-मॅग्नेशियम, सल्फेट-क्लोराइड, आणि त्यांचे लॉग घेतले. परीक्षेतल्या विहिरींवर लगेच फरक दिसला, नव्वद काय परत आले नाहीत पण जे आलं ते खरं होतं.

सगळ्यात बोलकं गुणोत्तर क्लोराइड-ब्रोमाइड. समुद्राच्या पाण्यात ते वजनानं २९० च्या आसपास असतं. समुद्राचं पाणी आटत आटत गेलं की मीठ खाली बसतं पण ब्रोमाइड पाण्यातच राहतं, त्यामुळं उरलेल्या पाण्यात गुणोत्तर उतरतं. उलट जमिनीतलं जुनं मीठ विरघळून पाणी खारं झालं असेल तर ते हजारांत जातं. दोन पाणी चवीला सारखीच खारट, पण एक आटलेला समुद्र आणि एक विरघळलेलं मीठ, हे त्या एका आकड्यावरनं कळतं. मला अजूनही हे वाचताना भारी वाटतं.

पण बऱ्याच नमुन्यांत ब्रोमाइड मोजलेलंच नाही. एक्सजीबूस्ट हे दुसऱ्या जातीचं मॉडेल रिकामी जागा चालवून घेतं म्हणून मी तसंच दिलं, आणि शॅप नावाच्या साधनानं बघितलं की मॉडेल कशाच्या जोरावर निर्णय घेतंय, तर ते "ब्रोमाइड मोजलंय की नाही" हेच वापरत होतं. ज्यांनी मोजलं त्यांनी ठराविक थरांवरच काम केलेलं, म्हणून. म्हणजे परत पत्ताच, वेगळ्या वाटेनं. शेवटी ब्रोमाइड असलेल्या थोड्या नमुन्यांवर एक वेगळं छोटं मॉडेल केलं आणि दोन्ही निकाल शेजारी-शेजारी ठेवले. सल्फेटच्या रकान्यातले शून्यही असेच, काही खरंच नगण्य सल्फेटचे आणि काही न मोजलेले, ते एकेक बघून ठरवायला लागले.

व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, चांगली झाली. बाहेरच्या सरांनी एकच अवघड प्रश्न विचारला, दोन थरांचं पाणी मिसळून आलं तर मॉडेल काय सांगणार? मी म्हणलं, साठ-चाळीस असं काहीतरी. ते म्हणाले, "मग त्यात साठ टक्के पाणी एका थराचं असं म्हणायचं का?" मला तेव्हा नीट सांगता आलं नाही, आणि तो प्रश्न डोक्यातनं जाईना. निकाल लागल्यावर घरी बसून केलं. दोन ओळखीची पाणी कॉम्प्युटरवरच मिसळली, १० टक्के, २० टक्के, असं ९० पर्यंत. समजा एकात लिटरला २०० ग्रॅम क्षार आणि दुसऱ्यात १० ग्रॅम. खारं पाणी फक्त दहा टक्के घातलं तरी त्याचे २० ग्रॅम आणि बाकी नव्वद टक्क्यांचे मिळून ९ ग्रॅम. म्हणजे पाणी दहा टक्के पण क्षार दोन तृतीयांशाहून जास्त त्याचे, आणि मॉडेल छातीठोकपणे सांगणार की हे सगळं त्याच थराचं. मॉडेलची टक्केवारी म्हणजे त्याची खात्री, मिश्रणाचं प्रमाण नव्हे. मिश्रण काढायचं तर दोन्ही टोकांचे, म्हणजे न मिसळलेल्या दोन्ही पाण्यांचे, आकडे घेऊन क्लोराइडचं साधं गणितच करायला लागतं.

हे मी अण्णांना सांगत होते, तर ते म्हणाले, "मग आपल्या विहिरीचं बघ की." आमचं नदीकडचं रान क्षारपड झालंय, उसाची उगवण विरळ होत चाललीय आणि उन्हाळ्यात वरनं पांढरं पडतं. विहिरीत कालव्याचं पाझरून किती येतं आणि खालच्या खडकातलं किती, ह्यावर घरात कायम वाद. इथं दोनच टोकं आहेत, मॉडेलची गरजच नाही. कालव्याचा एक नमुना, पलीकडच्या बोअरचा एक आणि आमच्या विहिरीचे दोन, आवर्तन सुटायच्या आधीचा आणि सुटल्यावर पंधरा दिवसांनी. आधीची बाटली परवा भरली. अण्णांनी स्वतः मोटर दहा मिनिटं चालवून पाईपातलं साचलेलं पाणी काढून टाकलं, मग मी त्याच पाण्यानं बाटली तीनदा खंगाळली, गळ्यापर्यंत भरली आणि चिठ्ठीवर तारीख लिहिली. आता पाटाला पाणी कधी येतंय त्याची वाट बघतोय.